प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाचे? : सिल्लोडहून दिसणारा सामान्यज्ञानाचा इतिहास

इंग्रजीतील 'ट्रिव्हिया' ह्या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, हे केवळ कोशकारांच्या दुर्लक्षामुळे घडले असेल असे आम्हांस वाटत नाही. त्या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'ट्रिव्हियम' म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, आपल्याकडचा तिठा. तिठ्यावर उभ्या उभ्या जे बोलले जाते ते सर्वसाधारण, हलकेफुलके, फारसे मोल नसलेले, अशा अर्थच्छटेतून पुढे निरुपयोगी पण गमतीच्या माहितीला तो शब्द चिकटला. आपण मात्र त्याच माहितीला 'सामान्यज्ञान' म्हणतो. ज्या भाषेत ज्ञानदेव झाले त्या भाषेत 'ज्ञान' हा शब्द सहजासहजी हलका होत नाही. त्याच्यामागे 'सामान्य' हे विशेषण लावले तरी त्याचे वजन उरतेच.

ह्या वजनाला कारण आहे. एखाद्या देशाची राजधानी, एखाद्या नदीचा उगम, घटनेतील एखाद्या कलमाचा क्रमांक ही माहिती जगात अन्यत्र संध्याकाळची करमणूक असेल. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी ती करमणूक कधीच नव्हती. सिल्लोडचेच उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा-जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. भोकरदन-जालन्याकडे आणि कन्नडकडे जाणारे रस्तेही येथून फुटतात, म्हणजे शब्दशः हा तिठ्याहूनही मोठा तिठा. कापूस, मका, मिरची ह्यांवर चालणाऱ्या ह्या तालुक्यात पाऊस हुकला की वर्ष हुकते. अशा ठिकाणी अभ्यासिकेत बसलेला तरुण जेव्हा साप्ताहिक पुरवणीतील वीस प्रश्न सोडवू पाहतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तलाठ्याची, पोलीस शिपायाची, लिपिकाची जागा असते. तिठ्यावरच्या गप्पा म्हणून त्याला ते प्रश्न परवडणारे नाहीत.

म्हणून सामान्यज्ञानाच्या प्रश्नाचा इतिहास हा आम्हांस गंभीर विषय वाटतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याकडे पाहावे, कारण प्रश्न हा मुळात एक वाङ्मयप्रकार आहे आणि त्यात दोन पात्रे असतात. व्यवहारात ज्याला ठाऊक नाही तो विचारतो आणि ज्याला ठाऊक आहे तो सांगतो. प्रश्नमंजुषेत हे नाते उलटे होते. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. न जाणणाऱ्याला उत्तर द्यायचे असते. 'मंजुषा' म्हणजे पेटी, आणि ह्या पेटीची किल्ली प्रश्नकर्त्याकडे. हे उलटे नाते मराठी मुलखात केव्हा आणि कसे रुळले, आणि त्याने काय दिले-घेतले, हे पाहणे हा ह्या टिपणाचा हेतू आहे.

सिल्लोडच्या उत्तरेला सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग आहे. ह्याच रांगेत पश्चिमेकडे, चाळीसगावजवळ, पाटणादेवी हे स्थान आहे. तेथील मंदिरातला शिलालेख भाऊ दाजी लाड ह्यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची आणि त्याला निकुंभ घराण्यातील सोन्हदेवाने दान दिल्याची नोंद त्यात आहे. काळ यादव राजा सिंघणाचा, शके ११२८ च्या सुमाराचा. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे, त्यामुळे मराठीच्या आद्य शिलालेखांतही त्याची गणना होते. म्हणजे प्रश्न सोडवायला शिकवणारी शाळा ह्या डोंगरांत आठशे वर्षांपूर्वी होती, आणि तिच्या खर्चाची तरतूद मराठीत कोरलेली आहे.

तेथे शिकवला जाणारा 'लीलावती' हा ग्रंथ ११५० चा. त्यातील प्रश्नांचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. भुंग्यांच्या थव्यातील पाचवा भाग एका फुलाकडे गेला, तिसरा भाग दुसऱ्याकडे. ह्या दोहोंतील फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या फुलाकडे गेले. एक भुंगा मात्र सुगंधाने भुलून हवेत घुटमळत राहिला. तर थवा किती भुंग्यांचा? उत्तर पंधरा. हे उत्तर बरोबर आहे की नाही हे कोणा आचार्यांना विचारण्याची गरज नसते. पंधरातून तीन, पाच आणि सहा वजा करा, एक उरतो. उत्तर देणाऱ्याला लागणारे सर्व काही प्रश्नातच ठेवलेले आहे आणि पडताळाही त्याच्या हाती आहे. आपल्याकडच्या हुमाणांची, उखाण्यांची, एकनाथांच्या कोड्यांचीही रीत हीच. उत्तर सुचले की ते पटते. ते दुसऱ्याने मान्य करावे लागत नाही.

दुसरी रीत ह्याच मराठवाड्याच्या मातीत, तेराव्या शतकात दिसते. 'लीळाचरित्रा'तील महदाइसा चक्रधरस्वामींना सतत विचारत राहते. तिचे प्रश्न खरे आहेत, कारण तिला उत्तर ठाऊक नाही आणि ते जाणल्याशिवाय तिला राहवत नाही. मराठीतील पहिली कवयित्री म्हणून आपण जिला 'धवळ्यां'साठी ओळखतो, ती त्याआधी मराठी गद्यातील पहिली मोठी प्रश्नकर्ती आहे. आणि ज्या म्हाइंभटाने हा ग्रंथ सिद्ध केला, त्याने स्वामींच्या पश्चात त्यांना पाहिलेल्या माणसांना गाठून, विचारून, आठवणी गोळा केल्या. एकाच लीळेचे भिन्न पाठ तेथे नोंदलेले सापडतात. एकच उत्तर खरे आणि बाकीची चूक, असा आग्रह त्या संकलनात नाही. कोणी काय सांगितले ह्याला तेथे किंमत आहे.

सामान्यज्ञान हे ह्या दोन्हींपेक्षा वेगळे तिसरे प्रकरण आहे. गंगा कोठे उगम पावते हे विचार करून सापडत नाही, आणि जाऊन पाहणे बहुतेकांना शक्य नसते. ते कोणीतरी सांगावे लागते आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. असा विश्वासार्ह सांगणारा मराठीत निर्माण करणे हे एकोणिसाव्या शतकाचे मोठे काम. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले, ते भूगोल, इतिहास, शास्त्रे ह्यांची ओळख मराठी वाचकाला करून देण्यासाठी. १८६७ मध्ये निघालेल्या नियतकालिकाने तर 'विविधज्ञानविस्तार' असे नावच घेतले. पुढे १९२० च्या दशकात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड पुरे केले, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादनाखाली 'मराठी विश्वकोशा'चा पहिला खंड १९७६ मध्ये आला. तालुक्याच्या वाचनालयात साप्ताहिक प्रश्नांची उत्तरे शोधणारा वाचक ज्या कपाटापाशी जाई, ते कपाट ह्या परंपरेने भरले आहे.

ह्याच शतकात एक वेगळा प्रवाहही आहे आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. जोतीराव फुले ह्यांचा 'गुलामगिरी' हा १८७३ चा ग्रंथ संवादरूप आहे. त्यात धोंडीबा विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. बाह्यतः ही गुरुशिष्यांची जुनीच रीत. परंतु येथे ज्याला शतकानुशतके केवळ ऐकायचे होते त्याच्या तोंडी प्रश्न आला आहे, आणि सर्वांना पाठ असलेल्या अवतारकथा हाच प्रश्नाचा विषय झाला आहे. सर्वमान्य उत्तरे समोर ठेवून 'हे कोणी ठरवले?' असे विचारण्याची ही कृती आधुनिक मराठी गद्याच्या उभारणीच्या काळातच घडली, हे आपण विसरू नये.

परंतु रुळली ती दुसरी वाट. १८५४ च्या मेकॉले समितीच्या शिफारशींनंतर १८५५ पासून सनदी नोकरीसाठी खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली, तीही लंडनमध्ये. वशिल्यापेक्षा परीक्षा बरी, हे तत्त्व निःसंशय न्याय्य होते. त्या न्यायाबरोबर एक संस्कारही आला, तो असा की राज्य विचारते आणि उमेदवार उत्तर देतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य आणि त्याचा लोकसेवा आयोग अस्तित्वात आल्यावर ही रीत मराठीत गावोगाव पोहोचली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील परिपाठात प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि बोधकथेबरोबर सामान्यज्ञानाचे प्रश्न आले. शिष्यवृत्ती परीक्षेने त्यांना मार्गदर्शिका दिल्या. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांनी त्यांना साप्ताहिक रूप दिले. 'उत्तरे पुढील अंकी' ही ओळ आमच्या पिढ्यांना पाठ आहे.

त्या ओळीत एक आठवडा दडलेला असे. प्रश्न आणि उत्तर ह्यांच्यामध्ये सात दिवस असत आणि खरे शिक्षण त्या सात दिवसांत होई. पाच-सात उत्तरे येत. चार उत्तरांसाठी शाळेतल्या गुरुजींना गाठावे लागे, दोनांसाठी वाचनालय, एखाद्यासाठी बँकेत बदलून आलेला परप्रांतीय कारकून. बाजाराच्या दिवशी शेजारच्या गावचा मित्र भेटला की त्याची उत्तरे आणि आपली उत्तरे ताडून पाहिली जात आणि वाद होत. प्रश्न परक्याचा असला तरी उत्तराचा शोध गावाचा असे. आज भ्रमणध्वनीवर उत्तर चार सेकंदांत मिळते, ह्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. वाचनालय नसलेल्या वस्तीवरच्या मुलीला ते मिळते हे चांगलेच आहे. परंतु वाद घालण्यासाठी जो अवकाश होता तो ह्या चार सेकंदांत मावत नाही, हे नोंदवले पाहिजे.

प्रश्नोत्तरांत पैसा शिरला तोही इतिहास लक्षणीय आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा देशभर सुळसुळाट झाला होता. मुंबई राज्याने १९४८ मध्ये त्यांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला एक हजार रुपयांची आणि प्रवेशिकांवर दोन हजारांची मर्यादा घातली. चमारबागवाला ह्यांच्या खटल्यांत ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, आणि ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते तिला मात्र १९५५ चा कायदा लागू नाही. बरोबर उत्तर हे ज्ञान की नशीब, ह्या प्रश्नाला एकदा न्यायासनासमोर उभे राहावे लागले ते असे.

पुढे १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' आले, ते इंग्रजीतून आणि महाविद्यालयीन संघांसाठी. ग्रामीण मराठी प्रेक्षक ते पाहू शकत होता, त्यात बसू शकत नव्हता. ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या 'कौन बनेगा करोडपती'ने ही भिंत पाडली. त्याच वर्षी पहिला कोट्यधीश ठरला तो मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, आणि तो सनदी सेवांच्या परीक्षेची तयारी करीत होता. शेवटचा प्रश्न संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा घटनेने कोणाला दिली आहे असा होता, उत्तर महान्यायवादी. मनोरंजनाच्या पडद्यावरचे ते कोटी रुपये मुळात परीक्षेच्या अभ्यासाचे फळ होते. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, त्याच मंचावर एक कोटी जिंकल्या. उत्तरे पाठ असणे हे आपल्याकडे सुखवस्तूंचे मिरवणे नाही, ती एक शिडी आहे, हे त्या दिवशी सर्व महाराष्ट्राने पाहिले. ह्या शिडीला नावे ठेवणे आम्हांस मान्य नाही.

तरीही उत्तरे कोणाची, हा प्रश्न राहतोच. सिल्लोडच्या जागी उभे राहिले की तो अधिक टोचतो. १९४० च्या सुमारास येथील शाळकरी मुलाला 'तू कोणत्या राज्यात राहतोस?' असे विचारले तर उत्तर 'हैदराबाद' हे होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू, चलन हाली शिक्क्याचे, ज्याचे सात रुपये इंग्रजांच्या सहा रुपयांबरोबर भरत. वर्ष फसली, महिने आजूर, दै, बहमन. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस त्या कालगणनेत १३५७ फसलीत पडतो. १ नोव्हेंबर १९५६ नंतर त्याच प्रश्नाचे उत्तर 'मुंबई' झाले, १ मे १९६० नंतर 'महाराष्ट्र'. 'असईची लढाई कोणत्या जिल्ह्यात झाली?' ह्याचे उत्तर १ मे १९८१ पर्यंत 'औरंगाबाद' होते, त्या दिवशी जालना जिल्हा वेगळा झाला आणि १८०३ ची लढाई जिल्हा बदलून बसली. विद्यापीठाचे १९५८ मधील नाव १९९४ मध्ये बदलले. जिल्ह्याचे २०२३ मध्ये. एकाच जागी ऐंशी वर्षे जगलेल्या माणसाने ह्या सर्व उत्तरपत्रिका बरोबर सोडवल्या असत्या, आणि प्रत्येक वेळी आधीचे बरोबर उत्तर चूक ठरले असते. ह्या माणसाचे ज्ञान सामान्य म्हणायचे की असामान्य?

सर्वांत ठळक उदाहरण अजिंठ्याचे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हा प्रश्न नाही असे होत नाही : 'अजिंठा लेण्यांचा शोध कोणी लावला?' उत्तर, जॉन स्मिथ, १८१९. हा मद्रासच्या फौजेतील अधिकारी. दहाव्या लेण्यात त्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आपल्या नावासह कोरून ठेवली आहे. उत्तर चूक नाही. पण 'शोध' ह्या शब्दाने किती गोष्टी गृहीत धरल्या आहेत ते पाहावे. सातव्या शतकात युआन श्वांगने महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन केले, तो अजिंठ्याचाच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. लेण्यांच्या पायथ्याशी लेणापूर नावाचे गाव आहे, आणि 'लेणे' हा शब्द ज्या गावाच्या नावातच आहे त्या गावाला लेणी ठाऊक नव्हती असे म्हणणे कठीण. तेव्हा १८१९ मध्ये लेणी सापडली ती कोणाला, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो विचारला की मूळ प्रश्नाची भाषा बदलावी लागते : 'अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये युरोपीय जगाला कोणामुळे ज्ञात झाली?' उत्तर तेच राहते, पण गाव अज्ञानी ठरत नाही.

ह्याच्या पुढची पायरी साहित्याने गाठली. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल हा लष्करी चित्रकार लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी अजिंठ्यात आला. त्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. एवढे एखाद्या कठीण प्रश्नमंजुषेत येऊ शकते. परंतु सिल्लोड तालुक्यातील अजिंठा गावात पारो नावाच्या एका स्त्रीची समाधी आहे, २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख असलेली, आणि तो दगड गिलने बसवलेला आहे. ती कोण होती, काय बोलत असे, त्या परदेशी माणसाबरोबर राहिल्याबद्दल गावाने तिला काय ऐकवले, ह्यांतील कशाचीही उत्तरतालिका नाही. शेजारच्या सोयगाव तालुक्यातील पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' ही दीर्घकविता लिहिली ती ह्या रिकाम्या जागेत. परीक्षा जो प्रश्न विचारू शकत नाही तो कवितेने विचारला, आणि तो विचारण्यासाठी त्याच डोंगराच्या पायथ्याचा कवी लागला.

कोणी म्हणेल, परीक्षार्थ्याला हे काय उपयोगाचे? उपयोग अगदी रोकडा आहे, आणि तो आयोगाच्या कार्यपद्धतीतच आहे. वस्तुनिष्ठ परीक्षेनंतर लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, तिच्यावर उमेदवारांकडून पुराव्यानिशी हरकती मागवतो, तज्ज्ञांकडून त्या तपासून घेतो आणि मग अंतिम उत्तरतालिका लावतो. कधी उत्तर बदलते, कधी प्रश्नच रद्द होतो. चुकीच्या उत्तराला जेथे गुण कापले जातात आणि एकेका गुणावर निवड फिरते, तेथे ही हरकत म्हणजे एखाद्याचे आयुष्य असू शकते. ह्या काही दिवसांपुरते जुने नाते उलटते. किल्ली ज्याच्याकडे होती त्याला विचारले जाते की तुम्हांला हे कोठून ठाऊक? तालुक्याच्या गावात बसून ग्रंथाचे पान, आवृत्ती आणि शब्द दाखवून देणारा उमेदवार म्हाइंभटाचे काम करीत असतो आणि धोंडीबाचेही. हे कौशल्य नुसत्या पाठांतराने येत नाही. उत्तर कोणी ठरवले हे विचारण्याची सवय ज्याला आहे त्यालाच ते येते.

ही सवय लावण्याची जागा साप्ताहिक प्रश्नमंजुषा होऊ शकते, असे आम्हांस वाटते. शाळा-महाविद्यालयांतील भाषेच्या अध्यापकांनी वीस प्रश्न सोडवून घेतल्यावर विद्यार्थ्यांकडून एकविसावा प्रश्न लिहवून घ्यावा. त्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत नसावे आणि तालुक्यात फिरून, माणसांना विचारून ते मिळवता यावे. हाली शिक्का आणि सरकारी रुपया ह्यांच्या हिशेबात घरच्या कोणाचे काही बुडाले का? लेणापूर हे नाव गावातील वडीलधारी माणसे कसे समजावून सांगतात? पारोच्या समाधीबद्दल गावातील म्हाताऱ्या काय सांगतात, आणि दोघींच्या सांगण्यात फरक कोठे पडतो? उत्तरे वेगवेगळी आली तर ती सर्व, सांगणाऱ्याच्या नावासह, वहीत उतरवून ठेवावीत. पुढील अंकी छापण्यासारखी उत्तरे ती नसतील, परंतु ज्याने ती मिळवली त्याला उरलेले वीस प्रश्न पूर्वीसारखे दिसणार नाहीत.